दापोडी, श्रावण १८४८

दापोडीच्या मेट्रो स्थानकाचा जिना उतरून खाली या. समोर जुना पुणे-मुंबई महामार्ग, त्याच्या अंगाने लोहमार्ग, कार्यशाळेकडे वळणाऱ्या लाल एसट्या आणि हॅरिस पुलावर लागलेली गाड्यांची रांग. पुलाखाली मुळा. पवना तिला इथेच जवळ येऊन मिळते. पाण्यावर जलपर्णीचा जाड हिरवा थर. पुण्याहून येणाऱ्यांच्या लेखी ही पिंपरी-चिंचवडची वेस. ती ओलांडून जो तो कासारवाडी, पिंपरी, भोसरी, चाकणकडे आपापल्या पाळीला निघून जातो. तुम्ही मात्र इथेच थांबा. तुम्हाला मागे जायचं आहे.

आधी मेट्रोचे खांब जातात, २०२३ सरलं. पिंपरीतला पेनिसिलिनचा कारखाना जातो, म्हणजे १९५४ च्या अलीकडचं सगळं गेलं. १८९५ चा हॅरिस पूल जातो आणि मुळा एकदम रुंद वाटू लागते. शेवटी लोहमार्गही उखडला जातो. खंडाळ्याहून पुण्याला पहिली गाडी १८५८ च्या जूनमध्ये आली. तुम्ही त्याच्याही दहा वर्षं मागे येऊन पोचलात. साल १८४८, महिना श्रावण. सर येऊन गेली आहे. पायांखाली काळी चिकण माती, आणि तुम्ही एका बागेच्या फाटकाशी उभे आहात.

ही मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराची पावसाळी वस्ती. १८२८ मध्ये सर जॉन माल्कम यांनी ही जागा सरकारसाठी घेतली आणि तिथेच वनस्पतींची बाग उभी केली. आत शिरा, कुणी अडवणार नाही. सरळ रेषेत वाफे, पाण्याचे पाट, कलमं धरलेल्या कुंड्या. काही झाडं तुमच्या ओळखीची आहेत. काही इतकी परकी, की माळीही त्यांच्याकडे जरा जपून बघतो. जहाजातून, पेट्यांतून, बियांच्या पुड्यांतून दूरदेशीची झाडं इथे येतात आणि दख्खनच्या उन्हात तगतात का, ते पाहिलं जातं. कापसाच्या जाती लावून बघितल्या जातात. औषधी झाडं वाढवली जातात. जुन्नरजवळ हिवरे इथे याच बागेची धाकटी बहीण आहे. तिथे सोनामुखीसारख्या वनस्पती लावून लष्कराच्या दवाखान्यांसाठी औषधं तयार होतात.

हे सगळं कशासाठी, याबद्दल मनात गोंधळ नको. बाग कंपनी सरकारची आहे आणि कंपनीला इमारती लाकूड, कापूस आणि स्वस्त औषध हवं आहे. झाडांवरचं प्रेम इथे आहे आणि ते खरं आहे, पण पगार त्या प्रेमाचा मिळत नाही. आज पुलाखाली पसरलेली जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची फुलं सुंदर दिसली म्हणून माणसाने ती देशोदेशी नेली. दापोडीच्या बागेचा तिच्याशी संबंध नाही. पण झाड उचलून दुसऱ्या खंडात लावण्याचा जो आत्मविश्वास तुम्हाला या वाफ्यांमध्ये दिसतो आहे, त्याची एक किंमत नद्यांना आणि रानांना पुढे मोजावी लागली. बागेतून फिरताना हेही ध्यानात असू द्या.

बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन. स्कॉटलंडचे, पेशाने शल्यवैद्य. त्यांची आधीची नोकरी दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याची होती, त्यामुळे हा मुलूख त्यांनी गावोगाव हिंडून पाहिला आहे. डॉ. चार्ल्स लश यांच्यानंतर बाग त्यांच्या हाती आली आणि गेल्या वर्षी, १८४७ मध्ये, सरकारने त्यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमलं. कोकणात डोंगरउतारावरचं रान तुटलं की खालचे ओढे आटतात, असं ते सरकारला लिहून कळवत आहेत. १८४० च्या दशकात हे म्हणणारी माणसं जगात मोजकी होती, आणि त्यांतल्या एकाचा पत्ता दापोडी होता. मला हे फार मोलाचं वाटतं. वनसंरक्षणाच्या नावाखाली पुढे आदिवासींच्या आणि गावकऱ्यांच्या रानावरच्या हक्कांवर कुऱ्हाड आली, तो इतिहासही इथूनच पुढे सरकतो. दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयातून निघाल्या.

पण तुम्हाला मी गिब्सनांना भेटवायला आणलेलं नाही. ओसरीकडे चला, उत्तरेच्या उजेडाच्या बाजूला. तिथे एक माणूस कागदावर वाकून बसला आहे.

तो चित्रकार आहे. नोंदींमध्ये त्याच्याबद्दल एवढंच सापडतं, की तो पोर्तुगीज-हिंदी होता. म्हणजे मूळचा गोव्याकडचा असावा. १८४७ ते १८५० या काळात त्याने गिब्सनांसाठी इथल्या झाडांची सुमारे १७० चित्रं काढली. आज ती एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत आणि दापोडीच्याच नावाने, ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणून, अभ्यासकांना ठाऊक आहेत. बागेत वाढवलेली परदेशी झाडंही त्यांत आहेत आणि सह्याद्रीतली आपली झाडंही.

आज त्याच्यापुढे कोणतं झाड आहे, ते आपण ठरवू. श्रावण आहे, तेव्हा समजा कळलावी. माळ्याने पहाटे कुंपणावरून वेल कापून आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवली. आता घाई आहे. पानं संध्याकाळपर्यंत तग धरतील, फूल धरणार नाही. म्हणून तो आधी फूल घेतो. शिसपेन्सिलीची रेघ इतकी हलकी, की तुम्हाला वाकूनच बघावी लागते.

तुम्हीही फुलाकडे बघा. कळलावी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गौरींच्या दिवसांत गडाच्या वाटेवर, शेताच्या बांधावर ती दिसतेच, आणि तरीही पाहिलेली नसते. फूल खाली मान घालून लटकलं आहे आणि सहाही पाकळ्या उलट्या वर उठल्या आहेत. कडा लाटेसारख्या मुरडलेल्या. सहा पुंकेसर चारी बाजूंना आडवे ताणलेले. आणि मधला हिरवा दांडा, ज्याच्या टोकाला पराग चिकटायचा, तो मुळापाशीच काटकोनात वळून बाजूला निघालेला. असा वाकडा का? चित्रकाराला हे विचारून उपयोग नाही, ते त्याचं काम नव्हे. त्याचं काम एवढंच, की तो कोन जसा आहे तसा कागदावर यावा, एका अंशानेही सरळ होऊ नये. वनस्पतीशास्त्रज्ञ पुढे त्याच कोनावरून विचार करील. परागकण घेऊन येणारा कीटक किंवा पाखरू कुठून येतं, कुठे टेकतं, फूल स्वतःच्या परागापासून स्वतःला कसं दूर ठेवतं, असले प्रश्न त्या वाकड्या दांड्यात आहेत. चित्रकाराच्या हातून तो चुकून नीटस झाला तर प्रश्नच नाहीसा होईल.

दुसरी अडचण रंगाची. कळलावीचं फूल उमलतं तेव्हा हिरवट पिवळं असतं, मग बुडाशी पिवळं नि टोकाला लाल होतं, आणि काही दिवसांनी सबंध लालभडक. मग खरा रंग कोणता? तो वेलीवरची तिन्ही फुलं चितारायला घेतो: वर कळी, मध्ये दुरंगी फूल, खाली लाल. पानाचं टोक लांबत जाऊन तणाव्यासारखं वळलं आहे आणि शेजारच्या काटकीला वेढा घालून बसलं आहे, तेही घेतो. शेंग अजून धरलेली नाही. तिच्यासाठी कागदाचा खालचा कोपरा कोरा ठेवला जातो. भाद्रपद उलटला की ती येईल, आश्विनानंतर फुटून आत नारिंगी-लाल बिया दिसतील, तेव्हा चित्र पुरं होईल. शेजारी बारीक रेघांत एक पुंकेसर मोठा करून दाखवलेला आणि बीजांडकोश आडवा चिरून उघडलेला.

इथे जरा वेळ थांबा, कारण मला जे सांगायचं आहे ते या कागदावर आहे. कळी, उमललेलं फूल, उतरतीचं फूल, फळ आणि बी एकाच वेलीवर, एकाच नजरेत, अशी कुणालाच दिसत नाहीत. तीन महिन्यांचा काळ या माणसाने एका पानावर आणून ठेवला आहे. छायाचित्र एक क्षण पकडतं. हे चित्र एक पूर्ण ऋतू पकडतं. ते बिनचूक आहे म्हणून विज्ञान आहे. काय ठेवायचं, काय गाळायचं, वेल कागदावर कशी वळवायची, हे ठरवणारी नजर आहे म्हणून कला आहे. आणि कुणाच्या पैशाने, कुणाच्या हुकुमावरून, कोणत्या साली नि कोणत्या नदीकाठी ते झालं, हे विचारलंत की तोच कागद इतिहासही होतो. संग्रहालयांत ही तीन दालनं वेगळी असतात, तिथवर जायचे जिनेही वेगळे असतात. दापोडीच्या ओसरीवर ती एकाच टेबलावर होती.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. हे वर्ष १८४८ आहे. इथून तीनेक कोसांवर, पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात, याच वर्षी जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. दोन्ही ठिकाणी ज्ञान कागदावर उतरतं आहे. एक कागद जहाजाने विलायतेला जाईल, दुसरी पाटी इथल्या मुलीच्या हातात राहील. त्या वाड्याची आठवण आपण राखली. दापोडीची नाही राखली.

आता याच आवारात आणखी थोडं मागे चला, दहाच वर्षं. ९ जुलै १८३८. बंगल्यात धावपळ आहे. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचं इथे दापोडीत निधन झालं आहे. त्यांच्या नावाने मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर औषधी वनस्पतींचे प्रयोग केले, लेण्यांतले शिलालेख वाचले, आणि मुंबईला संग्रहालय मिळावं म्हणून झटणाऱ्या मंडळींत ते पुढे होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं ते संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडलं आणि १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचंच नाव आहे. मातीच्या प्रतिकृती, खनिजं, कारागिरी, प्राण्यांचे नमुने, मुंबईचा इतिहास, सगळं एका छपराखाली. वैद्य, शिलालेख वाचणारा आणि वनस्पतींत रमणारा असा एकच माणूस असू शकतो, हे त्या पिढीला नवलाचं वाटत नव्हतं.

अजून मागे, ५ नोव्हेंबर १८१७. इथे बाग नाही, छावणी आहे. पेशव्यांसाठी उभारलेली, पण इंग्रज अधिकारी फोर्ड याच्या हुकमतीतली पलटण दापोडीत राहते. आज ती खडकीच्या लढाईसाठी निघाली आहे, आणि पेशव्यांच्या विरुद्ध. पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित यांचा फोर्डशी स्नेह होता. लढाई होणार हे उमगल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचं. ही हकीकत ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. त्या दिवशी दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने. तोफांचा धूर मुळेवरून सरकतो आहे. अकरा वर्षांनी याच जागेवर वाफे आखले जातील.

आणि एक उडी पुण्यात, १७९० च्या सुमाराला. पेशव्यांच्या शिकारखान्यात गेंडा आहे. त्याच्यासमोर गंगाराम चिंतामण तांबट बसला आहे, कागद आणि कुंचला घेऊन. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्याच्याकडून प्राण्यांची, लेण्यांची चित्रं करून घेतो. थोड्याच वर्षांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार येतो आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा भरते. गंगारामाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याचे कागद अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. दापोडीच्या चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. झाडाचं लॅटिन नाव लिहिलं गेलं, ज्याने झाड लावून घेतलं त्याचं नाव राहिलं, गव्हर्नरांची तर गावोगाव राहिली. लेडी फॉकलंड, गव्हर्नरपत्नी, दापोडीत राहिल्या आणि १८५७ मध्ये निघालेल्या ‘चाऊ-चाऊ’ या पुस्तकात त्यांनी इथले दिवस लिहिले. ओसरीवर बसलेल्या माणसाला नाव नाही. ही गोष्ट मला सहजी सोडवत नाही. नजर त्याची, हात त्याचा, आणि संग्रहाच्या यादीत तो निव्वळ एक विशेषण म्हणून उरला.

परत १८४८ ओलांडून पुढे या. १८६१ मध्ये गिब्सन आणि निकोल डालझेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ निघतो. त्याआधी मुंबईच्या झाडांची यादी जॉन ग्रॅहम यांनी केली होती. तिचं काम हाती असतानाच १८३९ मध्ये खंडाळ्याला त्यांचा मृत्यू झाला आणि ती दुसऱ्याने पुरी केली. डालझेल यांना जुन्नरच्या डोंगरावर एक मांसल खोडाची, तांबड्या चांदणीसारख्या फुलाची वनस्पती मिळाली, आपली शिंदळ माकुडी. तिला त्यांनी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं: फ्रेरिया इंडिका. आणि त्याच फ्रियर यांच्या कारकिर्दीत दापोडीची गादी हलली. गणेशखिंडीत नवा वाडा बांधायला घेतला गेला, तीच आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. १८६५ च्या सुमारास सरकारने दापोडीची जागा विकून टाकली. गणेशखिंडीत १८७३ मध्ये नवी बाग सुरू झाली आणि ती अजून आहे. दापोडीचे पाट कोरडे पडले. ज्या नदीकाठी ही फुलं रंगवली गेली तिथे ती कुणी रंगवली होती याची खूण राहिली नाही.

तुम्ही वर्तमानात आलात. चिंचवडला चला, ऑटो क्लस्टरजवळच्या सायन्स पार्कमध्ये. महापालिकेने राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या साहाय्याने उभारलेलं हे केंद्र २०१३ पासून चालू आहे. शाळांच्या सहली येतात, मुलं बटणं दाबतात, चाकं फिरवतात, गाडीचं इंजीन आतून बघतात. ज्या शहरात घरटी एक माणूस कारखान्याशी जोडलेला आहे, तिथे मोटारगाड्यांचं दालन असणं अगदी रास्त आहे. चिंचवडगावात चापेकर बंधूंच्या वाड्यात क्रांतिकारकांचा इतिहास जपला आहे. बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. म्हणजे विज्ञान, इतिहास, निसर्ग, सगळं गावात आहे, पण तीन वेगळ्या पत्त्यांवर, आणि कारखानदारीच्या आधीही इथे विज्ञान होतं हे यांतला कुठलाच पत्ता मुलांना सांगत नाही. ‘आमच्या भागात आधी नुसती शेतं होती’ असं शहर स्वतःबद्दल म्हणतं. शेतं होतीच. त्यांच्या शेजारी जगातली झाडं जमवणारी, सह्याद्रीची झाडं नोंदवणारी एक बाग होती. तिथल्या कागदांवर एडिनबरोत अभ्यास झाला, हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि दापोडीतल्या शाळेतल्या मुलाला त्याची वार्ता नाही.

मूळ चित्रं परत आणा, असं मी म्हणत नाही. तो वाद मोठा आहे, कागदही नाजूक आहेत. पण उत्तम प्रती मागता येतात. त्यांतली सह्याद्रीतली झाडं निवडून एक दालन चिंचवडला किंवा खुद्द दापोडीत लावता येईल. प्रत्येक चित्राखाली झाडाचं मराठी नाव, ते आज कुठल्या डोंगरावर आणि कुठल्या महिन्यात भेटतं ते, आणि शेजारी त्याच झाडाची जिवंत कुंडी. गणेशखिंडीची बाग आणि कृषी महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत. रोपांची वाण पडणार नाही. मुलांना कागद आणि पेन्सिल द्यावी आणि एकच फूल तासभर काढायला सांगावं, वाकडा दांडा वाकडाच काढायला सांगावं. ज्यांचे आईबाप दिवसभर मायक्रोमीटरने मापं घेतात, सुताएवढी चूक झाली तरी भाग बाद करतात, त्यांच्या मुलांना अचूकपणाचं हे शिक्षण परकं वाटणार नाही. आणि चित्रकाराच्या नावाची चौकट कोरी ठेवून तिच्याखाली स्पष्ट लिहावं, की हा माणूस इथे बसून काम करत होता आणि त्याचं नाव शोधायचं राहिलं आहे. गोव्यातली चर्चची दप्तरं, मुंबई सरकारच्या जुन्या पगारपत्रकांचे रुमाल, अभिलेखागारातला पत्रव्यवहार, कुठेतरी ते सापडू शकतं. शोधायला कुणीतरी बसायला हवं, आणि ते पिंपरी-चिंचवडचं असायला हवं.